साहेबांचे बूट

अगं, आमच्या डिंडोलीच्या तबेल्यावर एक सरकारी साहेब फॉर्म घेऊन आले. म्हणे, कोणी मुद्दाम जनावरांत रोग सोडला तर तो वेळेत ओळखायची देशाची तयारी किती, ते तपासतोय.

फाटकातच विचारलं, "बेन, किती शिकलात?"

"चौथी."

"मग रोग आला तर तुम्हाला कळणार कसा?"

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. "साहेब, बुटांना हे शेण कुठलं?"

"मागच्या तबेल्यातलं. तिथं दोन म्हशी लाळ गाळतायत, खुरांना फोड आलेत."

"आणि तेच बूट घालून माझ्या गाभण म्हशीपाशी निघालात?" मी कडीच लावली.

"अहो, मी काय मुद्दाम आणतोय?"

"मुद्दाम आणा नाहीतर बुटावर आणा, गाभ पडणार तो माझ्याच म्हशीचा."

"मी सरकारी माणूस आहे, बेन!"

"म्हणून तर अजून ढकललं नाही."

शेवटी साहेबांनी फाटकाबाहेर उभं राहूनच फॉर्म भरला. 'रोग ओळखण्याची तयारी' या रकान्यापाशी मात्र अडले. "इथं काय लिहू?"

"लिहा, चौथी पास बाईनं फाटकातच ओळखला. बुटासकट."