कर्णिककाकांचा ड्रॉवर

आज आपल्या लायब्ररीत गेलो होतो, तर हिराबाई आठवल्या. पनवेलच्या मच्छीमार्केटात बसायच्या त्या. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. दुपारी विक्री आटोपली की हात धुऊन थेट लायब्ररीत यायच्या. दिवाळीनंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "नवा अंक हाय का?" आणि ग्रंथपाल कर्णिककाकांचं एकच उत्तर, "बाहेर गेलाय हो. गेल्या वर्षीचा देऊ?"

बाहेर कसला जातोय. नवे दिवाळी अंक काकांच्या ड्रॉवरमध्ये असायचे, त्यांच्या खास मंडळींसाठी. माहीत सगळ्यांना होतं, बोलत कोणी नव्हतं.

एकदा रांगेत मी बाईंच्या मागेच उभा होतो. काकांनी सवयीने जुना अंक पुढे केला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्या वाचनकक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, दर रविवारी तुमी माझ्याकडं म्हावरं घ्यायला येता. कदी बर्फातलं दिलं काय?"

"नाही हो."

"ताजं पाटीखाली लपवून संपलं म्हनून सांगितलं?"

काकांनी गुपचूप ड्रॉवर उघडला. पेपर वाचणारी म्हातारी मंडळी पेपर तोंडापुढे धरून हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळे अंक टेबलावर. मग आम्ही ते मिळवायला भांडायचो.

आजही टेबलावरच होते, ओळीने मांडलेले. होळी आली तरी एकाचंही पान उलटलेलं नाही. वाटलं, कोणीतरी एखादा तरी अंक माझ्यापासून लपवायला हवा होता.