रविकिरणचा हात

कानडी मुलखात, मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर मराठी कानी पडली आणि स्मिताने कान टवकारले. समोर बंबवाला रविकिरण आणि त्याची बायको मनस्विनी हुज्जत घालत होते.

“उद्या फायर स्टेशनात मत विचारतील. आठ तासांच्या पाळीसाठी हात वर करायचा, सरी? ठीक?” मनस्विनीने बजावलं.

“मुळीच नाही! चोवीस तास ड्यूटी, चोवीस तास सुट्टी, हेच झकास.”

“कसली सुट्टी? परवा कुकरची शिट्टी वाजली, तर झोपेतच बूट चढवून, नळाची नळी घेऊन अर्धी गल्ली भिजवलीत!”

“अगं, ड्यूटीवर आम्ही सगळे मिळून रांधतो. ती मजा जाईल.”

“मग माझाही स्वयंपाक एक दिवसाआड!”

“आणि मधल्या दिवशी?”

“तुमची तुकडी बोलवा, रांधायला.”

बस दिसली. ती थांबवायला रविकिरणने हात वर केला.

“अस्साच,” मनस्विनी म्हणाली, “उद्याही.”