परतीची लाँच

(कोल्हापूर, १९७६. लक्ष्मीपुरीतलं 'नंदिनी यात्रा कंपनी'चं ऑफिस. काउंटरमागे नंदिनी. समोर माई, तिच्या शाळेतल्या निवृत्त बाई. मुरगूडकडचा शेतकरी आकाराम नुकताच दारातून आत आला आहे.)

नंदिनी : ...आणि समुद्रातल्या त्या खडकापाशी पाणी इतकं नितळ असतं माई, की कोळी लोक काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरतात आणि आपण नुसतं वाकून बघायचं. रंगीत मासे, पोवळी, सगळं खाली डुलताना दिसतं.

माई : म्हणून तर मंडळातल्या बायका हटून बसल्यात. निम्म्या जणींनी रंकाळ्यापलीकडं पाणी बघितलेलं नाही.

नंदिनी : या पावणं, बसा. बाईंचं झालं की तुमचं बघते.

आकाराम : बसतो की. चालू द्या तुमचं. ते मासं म्याबी बघितल्यात.

माई : हो का? कसे आहेत?

आकाराम : लई देखणं. निळं, पिवळं, एक तर नवरीच्या शालूगत. माझा भाऊ ज्ञानू त्या डब्यावरनं डोस्कंच उचलीना. म्हणला, दादा, आपल्या हिरीत सोडूया ह्यातलं दोन.

नंदिनी : बघा माई! मी काही वाढवून सांगत नाही. कुणाबरोबर गेला होता, पावणं?

आकाराम : तुमच्याच मालकांबरं. अंबादासशेठबरं. तवा बोर्डावर 'जलविहार' हुतं. आज गुळाच्या सौद्याला आलतो, तर बोर्ड नवा दिसला. म्हटलं, आत कोण हाय ते तरी बघावं.

नंदिनी : तुम्ही... मुरगूडकडचे?

आकाराम : व्हय. आकाराम. ज्ञानूचा थोरला भाऊ.

माई : नंदिनी, काय झालं गं?

नंदिनी : काही नाही. माई, तुम्ही उद्या या. यांचं जरा वेगळं काम आहे.

आकाराम : माझं कायबी काम न्हाय. बाईंनी बसावं. बाई, तुमच्या मंडळाला परतीची लाँच कोण देणार, तेवढं इचारून घ्या. जायाची मिळतीया. आमालाबी मिळालती.

माई : म्हणजे?

नंदिनी : माई, तो लाँचवाल्याचा गुन्हा होता. पोलिसांनी त्याला धरलं, केस चालू आहे. आमच्या ह्यांचं नाव त्यात कुठंही नाही.

माई : कसली केस? नंदिनी, मी वीस बायकांची जबाबदारी घेतलीय. तू थांब जरा. आकाराम, तुम्ही सांगा.

आकाराम : सांगायचं काय त्यात. सकाळी लाँचनं आमाला खडकावर सोडलं. म्हणले, मासं बघा, जेवा, दुपारी न्यायला येतो. शेठ काय आलं न्हाईत, ते धक्क्यावरच थांबलं. आमी बघितलं, जेवलो. दुपार झाली, लाँच न्हाय. उन्हं कलली, लाँच न्हाय. लाँचवाल्याचं आदल्या दोन सहलींचं पैसं शेठनी दिलं न्हवतं. आमाला सोडून तो धक्क्याला गेला आन् म्हणला, आदी पैसं, मग माणसं.

माई : माणसं खडकावर ठेवून?

आकाराम : खडकावर ठेवून. शेठ म्हणलं, थांब, ओळखीच्याकडनं घिऊन येतो. आन् येस्टीत बसून कोल्हापूर गाठलं. लाँचवाला बसला वाट बघत. आमीबी बसलो वाट बघत.

नंदिनी : ते पैसे आणायलाच आले होते! दाराशी येऊन माझ्या पाटल्या मागितल्या. मी काढून दिल्या. त्यांच्या मनात कुणाला मारायचं नव्हतं हो.

आकाराम : आमी कवा म्हणलं मनात हुतं?

माई : पुढं काय झालं?

आकाराम : भरती लागली. सकाळी जिथं भाकरी सोडलीती, तिथं पाणी. लहान पोरं हुती, एक बाळंतीण हुती, समदी वरच्या दगडावर चढून बसलो. लांबनं शिडाची एक होडी चाललेली. वरडून वरडून घसा बसला, पण वारा उलटा. ज्ञानूनं सदरा काढला. म्हणला, म्या जातो आन् होडी आणतो. म्या हाताला धरलं त्याच्या. तर हसाय लागला. म्हणला, भर पुरात आपली नदी पार करणारा म्या, ही होडी तर निजल्यागत चाललीया.

माई : आणि तुम्ही सोडलंत?

आकाराम : सोडलं. माझा त्याच्या पवण्यावर भरवसा हुता, बाई. साऱ्या गावाचा हुता.

माई : पोचला तो?

आकाराम : थोडा येळ डोस्कं दिसत हुतं. मग लाटंआड गेलं. होडी मातर आली. त्या कोळ्यांना आमच्या बायकांची लुगडी हालताना दिसली आन् ते आपणहून वळलं. म्या पयलं इचारलं, ज्ञानू कुटं हाय? तर म्हणलं, कोण ज्ञानू? त्यांनी पाण्यात कुणाला बघितलंच न्हवतं.

माई : अरे देवा.

आकाराम : अंधार पडंस्तवर हुडकला. दुसऱ्या दिवशीबी हुडकला. गावला न्हाय.

नंदिनी : मी तेव्हाच म्हणाले होते, मुरगूडला जाऊन येऊ, त्यांच्या घरच्यांच्या पाया पडू. हे नाही म्हणाले. वकिलानं सांगितलं, गेलात तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

आकाराम : आला असता तर पाणी दिलं असतं, वैनी. मारलं नसतं.

माई : नंदिनी, आमची लाँच ठरलीय म्हणालीस. त्याला पैसे दिलेस का?

नंदिनी : दुसरा माणूस आहे, माई. भला आहे.

माई : भला असू दे. दिलेस का?

नंदिनी : धक्क्यावर द्यायचं ठरलंय.

माई : मग आमच्या मंडळानं भरलेली रक्कम परत दे. आत्ता.

नंदिनी : माई, असं करू नका. तुमचं नाव बघून आणखी दोन मंडळं यायची म्हणतायत. ही एक सहल नीट पार पडली की मी सगळ्यांचं फेडणार आहे.

माई : मला ते काही ऐकायचं नाही. आमचे पैसे कुठं आहेत?

नंदिनी : बसवाल्याला दिले.

माई : आमच्या बसचे?

नंदिनी : मागच्या. तो दारात येऊन शिव्या देत होता, माई. पोरं घाबरली होती.

आकाराम : मागची म्हंजे आमचीच की. आमाला दर्यावर न्हेलं, ती गाडी.

माई : म्हणजे याचा भाऊ ज्या गाडीतनं गेला, तिचं भाडं माझ्या बायकांनी भरलं. आणि आता आमची लाँच कोण भरणार? आमच्यामागनं येणारी मंडळं?

नंदिनी : मी काय करू? हे घरातनं बाहेर पडत नाहीत. मला न विचारता बोर्डावर माझं नाव घातलं आणि मला इथं आणून बसवलं. शाळेत तुम्हीच शिकवलंत ना, हातपाय गाळून बसायचं नाही?

माई : तेवढंच ध्यानात ठेवलंस होय गं तू? ऊठ. तो बोर्ड आत घे.

नंदिनी : बोर्ड काढला तर उद्या चूल कशी पेटवू?

माई : ते मला माहीत नाही. पण बायका आल्या तर त्यांना इथंच, तुझ्या दारात उभं राहून सगळं सांगेन मी. उद्याही आणि परवाही.

नंदिनी : तुम्ही माझ्या बाई आहात, माई.

माई : म्हणूनच.

आकाराम : येतो म्या. माझी येस्टी हाय.

नंदिनी : आकारामदादा, थांबा. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. शिव्या तरी द्या.

आकाराम : देणार हुतो. पायरी चढस्तवर तोंडात हुत्या. पर खुर्चीत तुमी बसला हुता. ज्याला द्यायच्या, त्यो घरात दडलाय.

माई : घरी कोण कोण असतं, आकाराम?

आकाराम : बायको हाय, पोरं हायती. आन् आई.

माई : आईला सांगितलंत सगळं?

आकाराम : सांगितलं. रडली न्हाय. तिनं जलमात एक नदी बघितलीया, बाई. रोज इचारती, पलीकडच्या काठाला जाऊन बघितलं का रं? तिकडं निघाला असंल. आता तिला कुणी सांगायचं, दर्याला पलीकडं काठच न्हाय म्हणून?