हुरड्याच्या वासानं बंद पडलेली जिनिंग

आजच्या या निरोप समारंभाचं अध्यक्षपद जड मनानं स्वीकारलेले आपल्या जिनिंगचे मालक माननीय सुधाकरराव, सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणारे आपले मॅनेजर अमृतराव, त्यांच्या शेजारी बसून मघापासून पदरानं डोळे टिपणाऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या जयवंताबाई, जैनथ-बोथकडून आलेली शेतकरी आणि व्यापारी मंडळी, आणि यार्डातल्या, मशीनवरच्या, प्रेसवरच्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझं शिक्षण इथल्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत झालं. मराठी घरातली आणि यार्डातली. म्हणून हे भाषण सकाळी स्वयंपाक करताना म्हणून पाहिलं. भाजी थोडी लागली, पण भाषण पाठ झालं.

उद्यापासून अमृतरावांच्या खुर्चीवर मला बसायचं आहे. मॅनेजरनं कसं वागावं यावर आजकाल मोबाइलवर पुष्कळ व्याख्यानं ऐकायला मिळतात. मी ऐकलीही आहेत. पण मला हे काम एका फजितीनं शिकवलं, आणि ती फजिती अध्यक्षमहोदयांच्या साक्षीनं झाली होती. ते आत्ता हसत आहेत, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

माझी आई याच यार्डात कापसातली कवडी, म्हणजे किडका, खराब कापूस, वेचून काढायची. मी डिप्लोमा करून इथंच सुपरवायझर म्हणून लागले, आणि अमृतरावांनी मला सकाळपाळीची प्रमुख केलं. बाईच्या हाताखाली काम करायला काही जण नाखूश होते. ते मला काही बोलत नसत. मी सांगितलेलं फक्त सावकाश करत. तक्रार घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी येऊन दम दिला तर ते माह्यं ऐकतीन. तुह्यं ऐकायला पाह्यजे ना?" आणि ते आले नाहीत. मला त्यांचा फार राग आला होता.

त्याच हंगामात, थंडीचे दिवस होते, मला मशीनच्या बाजूला जळाल्याचा वास आला. कापसाच्या कारखान्यात जळाल्याचा वास म्हणजे काय, हे इथं कोणाला सांगायला हवं? कापसातून एखादा खडा किंवा खिळा आला, ठिणगी उडाली, की रुई आतल्या आत धुमसत राहते. मी पळत जाऊन मेन स्विच पाडला. सगळी जिनिंग गप्प झाली. फिटरनं एकेक मशीन उघडलं. काही नाही. कापूस ओढणाऱ्या नळ्या पाहिल्या. काही नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून कोणी तरी हाक दिली, की या बाप्पा, हुरडा खायाले या.

पलीकडच्या शेतात ज्वारीचा हुरडा भाजून राह्यले होते, आणि मी त्याच्या धुरासाठी कारखाना बंद केला होता.

मंडळी, त्या दिवशी गाठी भरायला ट्रक उभे होते. हैदराबादला माल वेळेवर पोचायचा होता. सुधाकरराव ऑफिसात आले ते संतापूनच. चूक कोणाची, त्या बाईला कोणी नेमलं, असं बरंच बोलले. मी दाराशी उभी होते. नोकरी गेली, आता आईला काय सांगू, एवढंच मनात होतं. यार्डातले काही जण खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

अमृतराव उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "मालक, वास आला म्हून तिनं बंद केलं. उद्या आला तर ती उद्याही करीन. तुमाले ते नको असंन तर मले बोला, तिले नाही."

सुधाकरराव आले तसे निघून गेले. अध्यक्षमहोदय, आपण त्यांना काढून टाकू शकला असतात. आपण तसं केलं नाहीत, म्हणून आज हा मंडप उभा आहे. त्याबद्दल आम्ही आपलेही ऋणी आहोत.

पण साहेबांनी मला सोडलं असं समजू नका. सगळे गेल्यावर दार लावलं आणि विचारलं, वास कुठून येतो ते पाहायला माणूस का पाठवला नाहीस? बाजूची मशीनं आधी बंद करून बाकी चालू ठेवता आली नसती का? चारचौघांत पाठीशी उभे राहिले आणि चार भिंतींत कान धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवरच्या प्रत्येक माणसाला बोलावलं, स्विच कसा पाडायचा ते माझ्याकडून शिकवायला लावलं आणि सांगितलं, की शंका आली तर कोणालाही न विचारता बंद करा. मला मात्र पुढं बरेच दिवस सगळे "हुरडा म्याडम" म्हणत. मीही मग हसायला लागले, आणि गंमत अशी की त्याच दिवसांत माणसं माझं ऐकायलाही लागली.

पुढच्या हंगामात दुसऱ्या पाळीत कापूस टाकणाऱ्या नागनाथभाऊंनी मशीन बंद केलं. त्या दिवशी हुरडा नव्हता. खालच्या रुईत विस्तव होता. बादल्यांनीच विझला, थोडी रुई जळाली, माणूस एकही भाजला नाही. एवढी हिंमत कशी केली, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हुरड्यापायी जिनिंग बंद पडली तवा कोणाचं काही गेलं नाही. मंग म्या काऊन भ्यावं?"

यावर आणखी काय बोलू?

नंतर बोथच्या छोट्या जिनिंगला मॅनेजर हवा होता. साहेबांनी माझं नाव सुचवलं, मला न विचारता. मला वाटलं, मी नकोशी झाले. जाऊन भांडले. ते म्हणाले, "इथं राह्यली तर अमृतरावाची सुवर्णा म्हून राह्यशीन. जा." मी रडत गेले, आणि तिथं मॅनेजर झाले. परवा जयवंताबाईंनी मला हळूच सांगितलं, "तू गेली तवापासून त्या हंगामात हे तुही पाळीबी पाहत. गुडघे सुजत. पण तिले सांगू नको म्हने." बाई, मी आज सगळ्यांना सांगून टाकलं. माफ करा.

आपला चांगला माणूस दुसऱ्याला देऊन टाकायला किती मोठं मन लागतं, हे मला आता कळतं. कारण आता माझ्याही हाताखाली चांगली माणसं आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला सोडायचं म्हटलं की मी आधी नाही म्हणायला कारणं शोधते.

आज सकाळी चाव्या देताना मी साहेबांना म्हटलं, काही अडलं तर फोन करीन. ते म्हणाले, "अडलं तर मले फोन करू नको. आधी आपल्या माणसाईले विचार, त्याईलेच सापडंन. जवा काहीच अडलं नसंन, तवा कर."

आपण सर्वांनी माझी वेडीवाकडी मराठी शांतपणे ऐकलीत, आभारी आहे. मंडप घालणाऱ्यांचे, जेवण रांधणाऱ्या बायांचे आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात उणंअधिक झालं असेल, तर लेक समजून पोटात घाला.

साहेब, फोन जवळ ठेवा.