परसातला एक तास

अहो, आमच्या मुलाला, महेशला, अमेरिकेतल्या शिकारीचा परवाना लागला, तेव्हा घरात मी सोडून सगळे खूश होते. एल्क म्हणतात त्याला, घोड्याएवढं सांबरच ते. परवाने मोजकेच, तेही चिठ्ठ्या टाकून देतात. हा पाच वर्षं अर्ज करत होता. मारायचं धनुष्यबाणानं, हंगामाच्या शेवटी, बर्फात. आणि हा निघाला होता एकटा.

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या घरी टेबलावर नकाशा पसरून बसला होता. मी विचारलं, "सराव कुठं केलास?"

"क्लबच्या हॉलमध्ये, अण्णा. एक बाण चुकत नाही."

"हॉलमध्ये हीटर असतो. मी थंडीत शेतातल्या माळ्यावर बसून जोंधळा राखलाय. चल, परसात एक तास न हलता बस. मग धनुष्य ओढून दाखव."

"अण्णा, बाहेर दोन डिग्री आहे!"

"आणि तिथं काय हीटर लावून बसणार आहेस?"

बसला. मीही शेजारी बसलो, नाहीतर म्हणाला असता, म्हातारा नुसता बोलतो.

तासाभरानं उठला. दोरी अर्ध्यावर आली आणि अडली. तोंड लाल झालं, पण ती काही गालापर्यंत येईना.

"बघितलंस?" म्हणत मी उठायला गेलो, तर माझेच गुडघे सरळ होईनात. महेशनं हसत हात दिला. मी तो धरला.

"तिथं तुला हात कोण देणार?"

त्याचं हसू गेलं. तिथूनच त्यानं मित्राला फोन लावला, "निखिल, धनुष्य मी चालवतो. तू नुसता सोबत चल."

निखिल हो म्हणेपर्यंत मी हात सोडला नाही.