वरचं पुस्तक पयल्या घरचं

माजं माहेर जेऊरचं. जेऊर म्हंजी करमाळ्याच्या अंगाला, तितं आगगाडी थांबती, बाकी ज्वारी आन् धुरळा. नाव माजं गोदा. लगीन झालं तशी मालकासंगं सोलापुरात आले, मालक गिरनीत कामाला व्हते, भवानी पेठंत एक खोली. सात वर्सं झाली आन् मालक तापानं गेलं. मी बी गिरनीत जाऊन बगितलं, पन कापसाची कसपटं छातीत जायाची, लई खोकला. मंग शेजारच्या मास्तरीनबाईनं मला वाचनालयात लावलं. झाडायला न्हवं बरं का. पुस्तकं वाटायला.

काय सांगू तुमाला, समदी पेठ हसायची. गोदीला एक अक्षर येत न्हाय आन् ही पुस्तकं वाटती! पन वाचनालयाला बाईमानूसच पायजे व्हतं. चांगल्या घरच्या बायका तितं येनार कशा, तितं बाप्ये पेपर तोंडापुडं धरून बसलेले. म्हनून कमिटीनं ठरवलं, बायकांची पुस्तकं घरी पोचवायची. आन् बाप्याला सैपाकघरापत्तूर कोन जाऊ दील? म्हनून मी.

आता मला वाचता येत न्हाय, तर रीत काय केली व्हती, सांगते. ग्रंथपाल काका व्हते, भला मानूस, ते बुधवारी माज्या वाटंपरमानं पुस्तकं रचून फडक्यात बांधून द्यायचे. वरचं पयल्या घरचं, त्याच्या खालचं दुसऱ्या, असं पार शेवटापत्तूर. घर आलं की वरचं काडून द्यायचं, जुनं घ्यायचं आन् पिशवीत टाकायचं. चार वर्सं एक पुस्तक हिकडचं तिकडं झालं न्हाय. उन्हाळ्यात पाय भाजायचे, वझं म्हंजी काय थोडं असतंय का, पुस्तक लई जड असतंय बगा.

तर दुसरं घर कोर्टातल्या भाऊसाहेबांचं. त्यांची सून शांताबाई, वीस-बावीसची आसंल. तितं मी दोनदा जायाची, गठ्ठ्यात त्या घरची दोन पुस्तकं, वर कादंबरी, खाली पोथी. सासूबाई, माई त्यांचं नाव, त्या देवघरात असायच्या तवर मागल्या दारानं शांताबाईला कादंबरी द्यायची, मंग फिरून म्होरल्या दाराला येऊन माईंची पोथी. पोथी भाऊसाहेब सांजच्याला वाचून दाकवायचे. सुनेनं कादंबरी वाचायची म्हंजी त्या घरात वंगाळ. ग्रंथपाल काकांना ठावं व्हतं, पन ते गप. शांताबाई आडावर पानी वडता वडता मला मागल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची. हसायची काय, डोळं पुसायची काय! मी घागरीशी बसून ऐकायची. माज्या आठवड्यात तेवढंच काय ते गोड व्हतं.

सोलापुरात गोऱ्यांचा मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्साची गोष्ट. बुधवारी निगाले तर पयल्या घरी रडारड. म्हातारी त्याच सकाळी गेलेली. सुतकात पुस्तक कोन घेतंय? म्हातारी मला लई माया करायची, चा द्यायची, मी बी बसले, रडले, आन् फडकं उचलून तशीच निगाले. वरचं काडून तळाला घालायचं, येवडंच काम व्हतं. ते ऱ्हायलं बगा. मागल्या दारी शांताबाईला वरचं दिलं, तिनं पदराखाली घेतलं. म्होरल्या दारी माईंच्या हातात त्याच्या खालचं दिलं. ती कादंबरी.

सांजच्याला भाऊसाहेबांनी हात-पाय धुतले, माई वाती वळत बसल्या, आन् ते वाचाय लागले. पयल्याच पानात चांदन्यात बसलेली दोघं. फुडच्या बुधवारी भाऊसाहेब ओसरीवर माजीच वाट बगत व्हते. हे कोणासाठी आणलं होतंस, म्हनले. आवाज बी चढवला न्हाय. चुकून आलं, शेजारच्या घरचं हाय, येवडं म्हनायचं व्हतं.  पन माजी नजर गेली आतल्या दाराकडं. तितं शांताबाई हुबी व्हती. झालं की.

त्या दिसापासनं त्या घरची पुस्तकं बंद. काकांनी शब्द टाकला म्हनून माजं काम टिकलं. मी त्याच बोळातनं जायाची, मागलं दार लावलेलं. ह्या गेल्या वर्सी भाऊसाहेब वारले. माईंनी मला रस्त्यात थांबवलं, म्हनल्या, गोदे, पुस्तकं आण की गं पुन्हा, शांता अगदी मुकी झालीय घरात. मी पळतच पुस्तक नेलं. तर शांताबाई म्हनली, नको गोदाबाई, आता वाचायला घेतलं की कान दाराकडेच लागतात, तीन ओळी होतात आणि मिटून ठेवते. तरी मी दर बुधवारी न्यायची, ती तसंच परत द्यायची.

शेवटी गेल्या बुधवारी म्या तिचं पाय धरलं. म्हनलं, बाई, चूक माजी, वरचं पुस्तक मीच काडलं न्हाय, आन् माज्याच नजरंनं तुमाला धरून दिलं. तिनं मला उटवलं. म्हनली, मला ठाऊक होतं. त्या दिवशी दार लावून पदराखालचं पुस्तक बघितलं, तर ते स्वैपाकाचं होतं. तुम्ही अजून आडाशीच होतात, गोदाबाई. एक हाक मारली असती तर फिरला असतात. पण सुनेनं मागल्या दारी ओरडायचं कसं? मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटतंय, चूक माझीच.

मंग दोगी बी रडलो, आडाच्या कडंला बसून. पुस्तक तिनं उगडलं का म्हनून इचारू नका. म्या ते आडाच्या कट्ट्यावर ठिवलं आन् म्हनलं, सुखी ऱ्हा पोरी. दुसरं काय म्हननार व्हते मी. आता गुडघं लई दुखत्यात, उटाया बी धरावं लागतंय. उद्या बुधवार हाय.