आधी मेन कॉक बंद

नाही, नाही, मला सांगा, भिंतीतून पाणी गळतंय आणि माणसानं राक्षसाशी मारामारी करत बसायचं? हे कुठलं शहाणपण? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं प्लंबिंग करतोय, नियम एकच... आधी मेन कॉक बंद, मग बाकीचं जग!

तर झालं काय, आमची लेक गेम बनवते. डोक्यावर डबा चढवायचा, हातात मोजे घालायचे, की तुम्ही थेट अंतराळयानात! दोन वर्षं राबली पोरगी त्याच्यावर, आणि त्या दिवशी साहेब लोक बघून ठरवणार, गेम ठेवायचा की मोडीत काढायचा. हिनं काय फुशारकी मारावी? "सर, हा कुणालाही खेळता येतो. माझ्या बाबांनासुद्धा!" सुद्धा म्हणे! झालं, मला नेऊन ऑफिसात उभं केलं. निघताना बायको दारात, "अहो, स्वयंपाकघरातला नळ तीन महिने ठिबकतोय..." म्हटलं, आल्यावर बघतो! इथे पोरीच्या नोकरीचा प्रश्न, आणि हिला नळ!

डबा चढवला. आईशप्पथ! खिडकीबाहेर तारे, समोरून आठ हातांचा राक्षस, कानात लेकीचा आवाज, "बाबा, बंदूक उचला! बंदूक!" उचलणारच होतो... पण डावीकडे बघतो तर पाइपाचा जॉइंट गळतोय. टप. टप. आता तुम्हीच सांगा, हात शिवशिवणार नाहीत? "बाबा, ते नुसतं चित्र आहे, सोडा!" चित्र असलं म्हणून काय झालं, गळतंय ना? म्हटलं, आधी मेन कॉक बंद, मग बाकीचं जग! निघालो पाइप धरून रांगत, मागून राक्षस, कानात लेकीच्या किंकाळ्या... आणि कोपऱ्यात दिसलं, लाल चाक! फिरवलं गरागरा!

सगळं ठप्प. दिवे गेले, हवा गेली, राक्षसानं आठही हातांनी स्वतःचाच गळा धरला आणि आडवा! पाठोपाठ मी आडवा!

डबा काढून बघतो तर लेकीचा चेहरा पांढराफटक. म्हटलं, झालं... पोरीची दोन वर्षं मी मातीत घातली! मोठे साहेब घसा खाकरून म्हणतात, "हे चाक फिरतं कसं? ठरलं होतं तेव्हा तर फिरणार नव्हतं." लेक मान खाली घालून, "सर, शोभेपुरतंच दाखवायचं होतं. पण... न फिरणारा कॉक बनवायला हातच धजला नाही."

भरून आलं हो मला! लहानपणी पान्यांची पिशवी घेऊन माझ्यामागे फिरायची ती! साहेब जे हसत सुटले, ते थांबेचनात. गेम ठेवला, चाकासकट!

मिरवतच घरी आलो. बायकोला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, राक्षस करून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं. मागे नळ... टप. टप. मग म्हणते, "छान झालं. आता तो डबा घरी घेऊन या. तो चढवल्याशिवाय तुम्हाला गळती दिसत नाही ना!"

मागवलाय डबा. काय करता?